आधी कोण, मग कोण? : संगणकाच्या गाभ्यातील क्लॉकच्या क्रमाचा इतिहास



या स्मृतिव्याख्यानमालेत आजवर इतिहासावर जी व्याख्याने झाली, त्यांत लढाया होत्या, तह होते, संस्थानांचे दप्तर होते. मी आज ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे त्याला रणांगण नाही आणि त्याचा काळ जेमतेम पन्नास वर्षांचा आहे. आपल्या खिशातील फोनची कळ दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत जे काही क्षण जातात, त्या क्षणांत कोणी आधी जागे व्हावे आणि कोणी नंतर, या एका प्रश्नाचा हा इतिहास आहे. प्रश्न किरकोळ वाटेल; परंतु तो सोडवताना माणसांनी ज्या चुका केल्या आणि ज्या युक्त्या शोधल्या, त्यांत ज्ञान कसे जपावे याविषयीचा एक मोठा धडा दडलेला आहे असे मला वाटते. यंत्राचा विषय असूनही तो शाळेच्या व्यासपीठावर मांडण्याचे धाडस मी त्यासाठीच करीत आहे.

१. ठोका म्हणजे काय

प्रथम एक शब्द स्पष्ट करून घेऊ. संगणकशास्त्रात क्लॉक म्हणजे वेळ दाखविणारे घड्याळ नव्हे. आपल्या शाळेच्या लेझीमपथकात हलगीवाला असतो. तो स्वतः पाऊल टाकत नाही, पण त्याच्या ठोक्यावाचून कोणाचेही पाऊल पडत नाही. यंत्रातील क्लॉक हा असा हलगीवाला होय. क्वार्ट्झचा एक लहानसा स्फटिक ठरावीक गतीने कंप पावतो, त्याचा विद्युत-ठोका तारेवाटे सर्वत्र जातो, आणि प्रत्येक ठोक्याला परिपथ एक पाऊल पुढे सरकतो. ठोका थांबला की परिपथ असूनही नसल्यासारखा होतो.

वेळ सांगणारे घड्याळही याच तत्त्वावर चालते. मनगटी घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या दोनाचा पंधरावा घात आहे. तिचे पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक ठोका प्रतिसेकंद उरतो. एका मूळ ठोक्यापासून भागाकाराने दुसरा ठोका निर्माण करण्याची ही कल्पना पुढील सर्व कथेच्या मुळाशी आहे.

२. एका स्फटिकाचे कुटुंब

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच्या मुख्य फलकावर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता. त्याला तीनने भागून प्रोसेसरला ४.७७ मेगाहर्ट्झचा ठोका मिळे, चारने भागून अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीला लागणारी ३.५७९५४५ मेगाहर्ट्झची वारंवारता मिळे, आणि बाराने भागून कालमापकाला १.१९३१८२ मेगाहर्ट्झचा ठोका मिळे. एक पिता आणि तीन अपत्ये असे हे आटोपशीर कुटुंब होते. वीज आली की सर्व ठोके आपोआप सुरू होत. कोणी कोणासाठी थांबायचे नव्हते. जी थोडीफार जुळवाजुळव लागे ती फलकावरच बसविलेला बायोस हा आज्ञासंच उरकून टाकी आणि मग यंत्र ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वाधीन करी.

लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ च्या सप्टेंबरात लिनक्स या कर्नलची पहिली प्रत दिली, ती अशाच यंत्रासाठी. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्या प्रतीत आरंभाचा क्रम सरळ ओळीने लिहिला होता : आधी वेळ वाचणे, मग टर्मिनल, मग प्रोसेसरचे अपवाद, मग कामांची पाळी ठरविणारा भाग, मग साठवणीची जागा, शेवटी हार्ड डिस्क. संपूर्ण क्रम एका माणसाच्या डोक्यात मावत होता आणि तो एका पानावर वाचता येत होता. काही बिघडले तर दोन ओळींची अदलाबदल करायची, इतकेच.

३. पायऱ्यांची युक्ती

पण कर्नलमध्ये ड्रायव्हर वाढत गेले. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या विशिष्ट उपकरणाशी बोलणारा आज्ञासंच. शेकडो लोक ड्रायव्हर लिहू लागले, तेव्हा प्रत्येकाने त्या एकाच यादीत आपली ओळ घुसवायची हे अशक्य झाले. २००१ च्या जानेवारीत आलेल्या २.४ या आवृत्तीपर्यंत अशी सोय झाली होती की ड्रायव्हरने आपल्या आरंभाचे काम स्वतःपाशीच नोंदवावे आणि जोडणीच्या वेळी अशा साऱ्या नोंदी आपोआप एकत्र याव्यात. डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत त्या नोंदींना पायऱ्या आल्या. गाभ्याची पायरी, गाभ्यानंतरची, विशिष्ट यंत्ररचनेची, उपव्यवस्थांची, फाइलव्यवस्थेची, उपकरणांची आणि सर्वांत शेवटची, अशा सात मुख्य पायऱ्या. खालच्या पायरीवरचे आधी, वरच्या पायरीवरचे नंतर.

ही व्यवस्था आपल्याकडील लग्नाच्या पंगतीसारखी होती. पहिली पंगत, दुसरी पंगत हे ठरलेले. पण एका पंगतीत कोणाला आधी वाढायचे याचा नियम नाही. एकाच पायरीवर असलेल्या दोन ड्रायव्हरांपैकी आधी कोण, हे ठरे ते त्यांच्या फाइली कोणत्या क्रमाने जोडल्या गेल्या यावर, म्हणजे बांधणीच्या फाइलीत कोणती ओळ वर होती यावर. एखाद्याने नीटनेटकेपणासाठी त्या ओळी अकारविल्हे लावल्या, तर दूरच्या कोणत्यातरी यंत्राचा आरंभ बिघडू शकत असे.

इतिहासाला अशा पुनरावृत्तीची आवड असते. जुन्या युनिक्समध्ये जोडणीचा कार्यक्रम फाइलींचा संग्रह एकदाच, क्रमाने वाची. त्यामुळे वापरणारी फाइल आधी आणि पुरवणारी नंतर असावी लागे. तो क्रम लावण्यासाठी १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘टीसॉर्ट’ नावाचे साधन होते. त्यामागील विचार त्याहूनही जुना. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पाच्या नियोजनासाठी १९५८ मध्ये पर्ट ही पद्धत निघाली, आणि अशा मोठ्या जाळ्यांतील कामे क्रमाने कशी मांडावीत याची रीत ए. बी. कान यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. रीत सोपी आहे. ज्या कामांना कशाचीच पूर्वअट नाही ती आधी घ्या आणि खोडा. त्यामुळे ज्यांच्या साऱ्या अटी पुऱ्या झाल्या ती पुढे घ्या. असे करीत जा. शेवटी काही कामे उरली आणि एकही मोकळे होत नसेल, तर समजा की त्यांत कोठेतरी चक्र आहे. हे ज्ञान उपलब्ध असूनही कर्नलला ते लागू करता येत नव्हते, कारण कोणाला कोणाची गरज आहे हे कोठेही लिहिलेले नव्हते. पायरीचा आकडा लिहिलेला होता. त्यामागचे कारण नव्हते.

४. वृक्ष वाढतो

या दोषाची खरी किंमत कळली ती मोबाइल फोनच्या युगात. फोनमध्ये एकाच चिपवर प्रोसेसर, पडदा, कॅमेरा, ध्वनी, साठवण अशी सारी उपकरणे असतात, आणि बॅटरी वाचवायची म्हणून प्रत्येकाचा ठोका वेगळा चालू-बंद करता यावा लागतो. त्यामुळे एका स्फटिकाच्या जागी शेकडो ठोक्यांचा वृक्ष उभा राहिला. मुळाशी एक-दोन स्फटिक, त्यांवर वारंवारता वाढविणारे पीएलएल नावाचे परिपथ, पुढे विभाजक, मध्ये रेल्वेच्या सांध्याप्रमाणे दोन-चार उगमांतून एक निवडणारे जोड, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाशी पाण्याच्या झडपेसारखी एक उघडमीट.

येथे क्रम चुकला तर काय होते? पित्याची गती ठाऊक नसताना अपत्याची गती विचारली, तर उत्तर शून्य येते. सीरियल पोर्ट त्या शून्यावर आपला हिशेब मांडतो आणि अक्षरांऐवजी कचरा पाठवतो. त्याहून वाईट म्हणजे, झडप बंद असताना एखाद्या उपकरणाची स्मृती वाचू गेले, तर अनेक चिपांवर ते वाचन कधी परतच येत नाही. यंत्र जागच्या जागी गोठते. चुकीचा संदेश नाही, तक्रार नाही, काहीच नाही.

गुंता आणखीही होता. वायफायच्या चिपला लागणारा ३२,७६८ हर्ट्झचा ठोका पुष्कळदा वीजनियंत्रक चिप पुरवते. त्या चिपशी बोलायचे तर आय-टू-सी नावाची दोन तारांची बस चालू हवी. त्या बसच्या नियंत्रकाला स्वतःचा ठोका हवा, आणि तो मुख्य चिपच्या वृक्षातून येतो. अशा साखळीला सात पायऱ्या कशा पुरणार? मग लोक काय करीत, तर आय-टू-सीचा ड्रायव्हर उपकरणांच्या पायरीवरून उचलून उपव्यवस्थांच्या पायरीवर नेत. एकाने आपला ड्रायव्हर वर नेला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्याचेही स्थान बदलावे लागे. रांगेत घुसण्याची ही स्पर्धा वर्षानुवर्षे चालली.

एआरएम जातीच्या प्रोसेसरांसाठी क्लॉक मागण्याची एक समान भाषा २००४ च्या सुमारास रसेल किंग यांनी आखून दिली होती. परंतु ती केवळ मागण्याची भाषा होती. पुरवठा कसा करायचा, हे प्रत्येक चिप-उत्पादकाने आपल्यापुरते निराळे लिहिले. परिणामी दोन उत्पादकांच्या चिपा एकाच कर्नलमध्ये नांदू शकत नव्हत्या, आणि एकाने शोधलेला उपाय दुसऱ्याच्या कामाचा नव्हता. मार्च २०११ मध्ये या पसाऱ्यावर टॉरवाल्ड्स यांनी अत्यंत कडक शब्दांत जाहीर नापसंती व्यक्त केली. शब्द व्यासपीठावर सांगण्याजोगे नाहीत. पण आवराआवरीला त्यामुळे वेग आला हे खरे.

५. सन २०१२ : दोन उत्तरे

मे २०१२ मध्ये आलेली ३.४ ही आवृत्ती या इतिहासातील सीमारेषा मानावी लागेल. तीत दोन स्वतंत्र कल्पना एकाच वेळी दाखल झाल्या.

पहिली कल्पना सामायिक क्लॉकव्यवस्थेची. तिचा पाया जेरेमी कर यांनी घातला आणि माइक टर्केट यांनी ती पूर्णत्वास नेली. आता स्फटिक, विभाजक, सांधा, झडप यांचे वर्णन सर्वांनी एकाच पद्धतीने करायचे होते. तिच्यातील एक तरतूद मला विशेष मोलाची वाटते. एखादे अपत्य-क्लॉक आपल्या पित्याच्या आधीच नोंदणीला आले, तर पूर्वी तो दोष ठरे. नव्या व्यवस्थेत त्याला परत पाठवत नाहीत. त्याची नोंद ‘अनाथ’ म्हणून वेगळ्या यादीत होते, आणि पुढे पिता हजर झाला की ते आपोआप त्याच्याखाली जोडले जाते व त्याची गती पुन्हा मोजली जाते. जन्माचा क्रम आणि नात्याचा क्रम या दोन गोष्टी येथे प्रथमच वेगळ्या झाल्या.

दुसरी कल्पना ग्रँट लाइकली यांची. ड्रायव्हरला हवा असलेला क्लॉक अद्याप आला नसेल, तर त्याने अपयश न कळवता ‘आत्ता नाही, नंतर विचारा’ असे कळवावे. त्यासाठी ५१७ हा एक खास क्रमांक राखून ठेवण्यात आला. असे उत्तर देणारे उपकरण प्रतीक्षायादीत जाते. दुसऱ्या एखाद्या उपकरणाचा आरंभ यशस्वी झाला की यादीतील सर्वांना पुन्हा संधी मिळते. पायऱ्यांवरची घुसाघुसी यामुळे पुष्कळशी थांबली.

तथापि या उपायाला स्वतःची उणीव होती. ‘अद्याप नाही’ आणि ‘कधीच नाही’ यांत फरक कसा करायचा? पुरवठादार ड्रायव्हर कर्नलमध्ये समाविष्टच नसेल, तर मागणारा अखेरपर्यंत वाट पाहत बसे, आणि कोण कशासाठी थांबला आहे हे बाहेरून कळत नसे. २०१८ मध्ये या प्रतीक्षेला मुदत घालण्याची सोय आली. सरकारी कचेरीत ‘उद्या या’ हे उत्तर ज्यांनी ऐकले आहे त्यांना या सोयीचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

६. लिहून ठेवलेली नाती

मघा मी म्हटले की कारणे कोठे लिहिलेलीच नव्हती. ती लिहिण्याची जागा दरम्यान तयार होत होती. यंत्रात काय-काय आहे याचे झाडासारखे वर्णन करण्याची पद्धत ओपन फर्मवेअर या १९९४ च्या मानकातून आली, पॉवरपीसी यंत्रांच्या लिनक्समध्ये रुळली, आणि २०११ पासून एआरएमच्या जगात शिरली. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. या वर्णनात प्रत्येक उपकरणापुढे त्याला कोणत्या पुरवठादाराचे कोणते क्लॉक लागते हे स्पष्ट नोंदलेले असते.

तरीही काही काळ कर्नल हे वर्णन वाचून क्लॉक-पुरवठादार सुरू करी ते फाइलीत दिसतील त्याच क्रमाने. नाते लिहिलेले होते, पण वाचले जात नव्हते! काही क्लॉकची गरज तर इतकी लवकर लागते की प्रतीक्षायादी तेथे उपयोगी पडत नाही. कर्नलचा स्वतःचा कालमापक हा त्यांतला मुख्य. तो चालल्याशिवाय ‘नंतर’ या शब्दालाच अर्थ नाही. २०१४ मध्ये, ३.१५ या आवृत्तीत, ग्रेगरी क्लेमाँ आणि बोरिस ब्रेझियाँ यांनी हा दोष दूर केला. ज्याचे सर्व पिते तयार आहेत तोच पुरवठादार सुरू करायचा. बाकीचे पुढच्या फेरीत. फेऱ्या यादी संपेपर्यंत. एखाद्या फेरीत एकही पुढे सरकला नाही, तर उरलेल्यांना सक्तीने सुरू करायचे. विद्यार्थी मित्रहो, कान यांची १९६२ ची रीत आठवा. बावन्न वर्षांनी ती येथे साध्या रूपात पुन्हा अवतरली.

७. शेवटचे कसे विझवावे

आरंभाच्या क्रमाइतकाच अखेरचा क्रमही नाजूक असतो. कर्नल सुरू होण्यापूर्वी बूटलोडर नावाचा छोटा आज्ञासंच काही ठोके चालू करून ठेवतो. आरंभाच्या अगदी शेवटी कर्नल पाहतो की कोणीही न मागितलेले ठोके कोणते, आणि विजेची बचत म्हणून ते बंद करतो. रात्री घरातील कर्ता माणूस रिकाम्या खोल्यांतील दिवे मालवीत जातो, तसेच हे. पण एखाद्या खोलीत कोणी मुकाट्याने वाचत बसले असेल तर?

माझ्या नोकरीच्या काळात हा प्रसंग मी जवळून पाहिला. एका कंपनीच्या फलकावर आरंभाचे संदेश ठीक उमटत आणि दरवेळी नेमक्या त्याच ओळीनंतर यंत्र मुके होई. तीन दिवस केबल, वीजपुरवठा, स्मृती सारे तपासून झाले. सीरियल पोर्ट ज्या बसवर होता त्या बसचे क्लॉक बूटलोडरने चालू ठेवले होते. यंत्रवर्णनात त्याची मागणी कोणीच नोंदवली नव्हती. आणि नियमाप्रमाणे कर्नलने ते मालवले होते. ‘कोणतेही क्लॉक बंद करू नको’ अशी आज्ञा आरंभीच देण्याची सोय कर्नलमध्ये आहे. त्या कंपनीने माल वेळेत पाठवायचा म्हणून तीच आज्ञा कायम ठेवली. यंत्र चालू लागले आणि बॅटरी भराभर उतरू लागली. गिऱ्हाइकाने दोष दिला तो बॅटरीला.

नाते न लिहिण्याची किंमत अशी दुसऱ्याच्याच खात्यावर पडते. पुढे २०१६ मध्ये, जे क्लॉक कधीही बंद होता कामा नये त्याला तशी खूण करण्याची व्यवस्था सामायिक रचनेत आली. कारण सांगण्यासाठी एक अधिकृत शब्द मिळाला, हेच तिचे महत्त्व.

८. चक्राचा प्रश्न

अलीकडील प्रकरण थोडक्यात सांगतो. राफाएल वायसॉकी यांनी २०१६ च्या अखेरीस उपकरणांमधील अवलंबन कर्नलमध्येच नोंदविण्याची रचना आणली. गूगलमधील सरवणा कण्णन यांनी २०१९ पासून तिला यंत्रवर्णनाशी जोडले. ड्रायव्हरने विचारून नकार घेण्याऐवजी, वर्णन वाचून आधीच ठरवायचे की पुरवठादार तयार होईपर्यंत मागणाऱ्याला हाकच मारायची नाही. २०२१ मध्ये ही पद्धत मूलभूत म्हणून स्वीकारली गेली. तत्पूर्वी एकदा ती सुरू करून मागे घ्यावी लागली होती, कारण कित्येक यंत्रे सुरू होईनात.

ती का सुरू होईनात? एक प्रमुख कारण म्हणजे चक्रे. क्वालकॉमच्या चिपांवर पडद्याशी जोडणाऱ्या परिपथातील पीएलएल आपला ठोका पडद्याच्या क्लॉक-नियंत्रकाला देतो, आणि त्याच परिपथाला लागणारा दुसरा ठोका तो नियंत्रक देतो. क भागाला ख हवा, ख भागाला क हवा. वरवर पाहता हा न सुटणारा पेच आहे. पण बारकाईने पाहिले तर घेतलेला ठोका आणि दिलेला ठोका एकच नाही. दोन शेजाऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याकडून कुदळ घेतली आणि त्याला शिडी दिली, तर त्यात विरोधाभास कसला? चक्र होते ते उपकरणांच्या पातळीवर. ठोक्यांच्या पातळीवर ते नव्हते. म्हणून आज कर्नल चक्र ओळखतो, त्या घटकांपुरती सक्ती सैल करतो आणि त्यांना २०१२ च्या ‘नंतर विचारा’ या मार्गावर सोडतो. जुना उपाय नव्याच्या मदतीला असा उभा आहे.

९. समारोप

या साऱ्या घडामोडींकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहताना मला एक सूत्र दिसते. प्रथम क्रम एका माणसाच्या डोक्यात होता. मग तो आकड्यांत आला. मग ‘थांब आणि पुन्हा विचार’ या शिस्तीत आला. शेवटी तो नात्यांच्या नोंदीतून काढला जाऊ लागला. क्रम हा निष्कर्ष आहे. नाते हे कारण आहे. केवळ निष्कर्ष जपून ठेवला, तर परिस्थिती बदलताच तो खोटा ठरतो आणि तो दुरुस्त कसा करावा हे सांगणारा माणूस तोवर निघून गेलेला असतो. कारण जपून ठेवले, तर नवा निष्कर्ष कोणीही काढू शकतो. ज्या उत्पादकांनी आपली कारणे लिहून सामायिक कर्नलला दिली, त्यांची यंत्रे दुसऱ्यांनाही चालती ठेवता येतात. ज्यांनी दिली नाहीत, त्यांची धडधाकट यंत्रे पुढच्या आवृत्तीशी जुळेनाशी होऊन भंगारात जातात.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. येथे आधी अमुक शिकवावे आणि मग तमुक, हा क्रम कोणीतरी कधीतरी विचारपूर्वक लावला. आपण तो पाळतोही. पण त्यामागचे कारण ज्या शिक्षकांना ठाऊक होते त्यांतील कितीजणांनी ते लिहून ठेवले? ज्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या पिढीकडे अशी कारणे भरपूर होती. जे आज हयात आहेत त्यांच्याकडून ती लिहवून घेण्याचे काम शाळेने या वर्षी हाती घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. आणि विद्यार्थ्यांना इतकेच सांगेन की कोणी तुम्हांला ‘आधी हे, मग ते’ असे सांगितले, तर ते अवश्य ऐका. पण ते कशावर उभे आहे, हेही त्याच वेळी विचारून घ्या.